खांबावरचं नाव

ते कुठल्याही गोष्टीला आधी उलटा हात लावायचे. चहाचा पेला असो, उन्हात तापलेली फटफटीची सीट असो, नाहीतर कुणाच्या घरचं चार दिवसांचं बाळ असो. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवायची, जरासं थांबायचं, मग हात सुलटा करून ती वस्तू घ्यायची. नवीन माणसाला वाटे, हे गृहस्थ फार सोवळ्यातले दिसतात. विचारलं की म्हणायचे, "आधी उलटा, मंग सुलटा. एवढं ध्यानात ठेवा ताई, म्हतारे होऊन मरसान."

ते लाइनमन होते. वीज असलेल्या तारेला तळहात लागला तर मूठ आपोआप आवळते आणि सुटत नाही. उलटा हात लागला तर तोच झटका हाताला मागे फेकून देतो. साहेबलोकांनी पुढे टेस्टर दिले, रबरी हातमोजे दिले, तारेतली उरलीसुरली वीज जमिनीत उतरवायला तारेवर टाकायची साखळी दिली. ते हे सगळं इमानानं वापरायचे आणि सगळं वापरून झालं की शेवटी उलटा हात लावायचेच. ती सवय खांबावरून उतरून त्यांच्याबरोबर घरी जायची, लग्नात जायची, पंगतीत पत्रावळीपर्यंत जायची.

मी मारेगावकडच्या एका वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. आमचं काम बाहेरच्याला कंटाळवाणं वाटेल, म्हणून थोडक्यात सांगते. लाइनमनला खांबावर चढायचं असलं की तो मला फोन करतो. आपलं नाव सांगतो, कुठली लाइन ते सांगतो. मी ती लाइन बंद करते आणि त्याला परमिट देते. तिथपासून ती लाइन त्याच्या नावावर. काम संपलं की त्यानंच खाली उतरायचं, त्यानंच फोन करायचा आणि त्याच नावानं परमिट परत करायचं. तोवर पुढाऱ्याचा फोन येवो की अख्खं गाव दारात येवो, मी लाइन सोडायची नाही, म्हणजे तिच्यात वीज परत सोडायची नाही. आमच्या धंद्यात माणसाचा जीव त्याच्या नावाला टांगलेला असतो. चेहरा मला दिसतच नाही, मला फक्त नाव ऐकू येतं.

त्यांचं नाव मी पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. नोकरीचे सुरुवातीचे दिवस होते, बाई ऑपरेटर आहे म्हणून गंमत करणारे कमी नव्हते.

"नाव सांगा," मी म्हटलं.

"सांगतलं न, मॅडम."

"खरं नाव सांगा."

 पलीकडून आवाज आला, "हेच खरं हाये. मायनं ठेवलं हाये. लाइन बंद करता काय? ऊन लय हाये वं."

ते नाव मी इथे लिहिणार नाही. तुम्ही आमच्या भागातले असाल तर ओळखालच. पूर्वी प्रत्येक गावात एखाद्याचं तरी असं नाव असायचं, केरकचऱ्याचं, दगडाचं, उकिरड्याचं. यांचं उकिरड्याचं होतं. पुढे त्यांनी कायद्यानं जे नाव घेतलं तेही लिहिणार नाही, कारण ते लिहिलं तर त्यांच्या ओळखीच्या लोकांनाच कळायचं नाही मी कुणाबद्दल बोलतेय. मी त्यांना भाऊ म्हणायचे. आपणही भाऊच म्हणू.

त्यांचं नाव मला खुपायचं, आणि त्याला कारण होतं. आमच्या आजोबांचं नावही तसलंच होतं. ते त्यांच्या आईनं ठेवलेलं नव्हतं, गावानं चिकटवलेलं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आजोबा घरी आले, सगळ्यांना समोर बसवलं आणि आपलं नवं नाव सांगितलं. म्हणाले, आजपासून जुन्या नावानं हाक मारली तर मी ओ देणार नाही. गावानं बरेच दिवस मुद्दाम जुन्याच नावानं हाका मारल्या. आजोबांनी ओ दिली नाही. शेवटी गाव दमलं. वाईट नाव अंगावरून काढून फेकायचं असतं, हे आमच्या घरचं बाळकडू आहे.

म्हणून ओळख वाढल्यावर मी भाऊंच्या मागे लागले. "बदलून टाका न ते नाव. कागद मी करून देते."

"राहू द्या ताई. त्याले माही सवय झाली हाये," ते म्हणायचे. नावालाच त्यांची सवय झालेली, त्यांना नावाची नव्हे! 

खरं म्हणजे त्यांच्या लाइनवरच्या गावांना ते नाव हसण्यासारखं वाटतच नसे. पंखा थांबला की बाया म्हणत, त्यांना फोन लावा. पंखा फिरला की पोरं त्यांचं नाव घेऊन ओरडत. एका पिठाच्या चक्कीवाल्यानं तर भिंतीवर कोळशानं त्यांचं नाव आणि नंबर लिहून ठेवला होता, खाली पोलीस नाही, दवाखाना नाही, फक्त तेवढंच. मी ते पाहिलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, नाव वापरून वापरून धुतलं जातं की काय.

त्या नावाची गोष्ट मला त्यांच्या आईनं सांगितली. तान्ह्या पोळ्याला मी माझ्या लेकाचा लाकडी बैल घेऊन त्यांच्याकडे गेले होते. घरात भाऊ, वहिनी, यवतमाळला शिकायला जाणार असलेली एकुलती एक मुलगी आणि ही आजी. आजी मूळच्या फुलसावंगीच्या. पाठीत वाकलेल्या, पण जिभेला वाक नाही.

"याच्या आंधीचं एकबी नाई राह्यलं माह्यं," आजी म्हणाल्या. "मोठे सुंदर नावं ठेवले होते व त्याइचे. राजाचे नावं. ते नावं आयकूनच नेले त्यानं."

"कुणी, आजी?"

आजींनी वर बोट केलं. तोंडानं नाव घेतलं नाही.

भाऊ जन्मले तेव्हा दाईनं त्यांना ओल्या अंगानं उचललं आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. आधी ठरल्याप्रमाणे शेजारीण तिकडून आली. "अव, हे काय पडलं हाये इथं?" असं मोठ्यानं म्हणाली, म्हणजे ऐकणाऱ्याला ऐकू जावं. मग पोर पदरात घेऊन आजींच्या दाराशी आली. आजींनी तिला सूपभर ज्वारी दिली आणि आपलंच लेकरू विकत घेतलं.

"माह्या पोटचा नाईच हाये थो," आजी हसून म्हणाल्या. "उकिरड्यावर भेटला. इकतचा हाये. इकतच्या मालाकडं कोन पाह्यते?" आणि शेजारी बसलेल्या त्या मिशा पिकलेल्या माणसाच्या गालावरून त्यांनी उलटा हात फिरवला. भाऊ लाजून उठले आणि उगाच माठाकडे गेले. उलटा हात त्यांना नोकरीत कुणी शिकवला असेल तो असेल, पण त्यांच्या अंगाला तो जन्मल्यापासून ठाऊक होता.

मुलगी यवतमाळला नर्सिंगला गेली आणि तिथे ते नाव तिच्या वाटेत आलं. हजेरीला पूर्ण नाव पुकारायचे. आधी तिचं, मग बापाचं. बापाचं नाव आलं की वर्ग हसायचा. पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी हसला, आणि मग पोरांनी तिचं खरं नाव सोडून तिला बापाच्याच नावानं हाका मारायला सुरुवात केली. मेसमध्ये, जिन्यात, बसस्टँडवर. दिवाळीला घरी आलेली पोर परत जायचं नाव काढीना. कारण सांगेना. शेवटी चुलीपुढे बसून आईला सांगितलं, ते भाऊंनी बाहेर ओट्यावर ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते उपकेंद्रात आले. चहा दिला तर पेल्याला उलटा हात लावला आणि सुलटा करायचं विसरूनच गेले. चहावर साय धरली.

"ताई, नाव बदल्याले काय काय लागते?"

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? आजोबांच्या बाजूला आणखी एक माणूस येऊन उभा राहिला असं वाटलं. पण त्यांचा चेहरा पाहून मी विचारलं, "आत्ताच काहून, भाऊ?"

"मायनं मले जगवाले ठेवलं हे नाव," ते म्हणाले. "अन् त्याच नावानं माही पोरगी मरून राह्यली, ताई. इचा जीव जाऊन राह्यला रोज थोडा थोडा. आता कोनाचं आयकू?"

मी त्यांना तहसीलजवळच्या सेतू केंद्रात घेऊन गेले. नाव बदलायला इतकी माणसं येत असतील असं मला वाटलं नव्हतं. एक बाई नवऱ्याचं नाव काढून वडिलांचं लावून घ्यायला आली होती आणि कुणी विचारायच्या आतच सगळ्यांना कारण सांगत होती. एका पोराला ज्योतिष्यानं नवीन अक्षर काढून दिलं होतं, त्याची आई देव्हाऱ्यातली चिठ्ठी घेऊन बसली होती. मुकुटबनकडचे एक कोलाम आदिवासी आजोबा होते. त्यांचं नाव शाळेतल्या गुरुजींना बोलता येत नव्हतं म्हणून गुरुजींनी आपल्या सोयीचं दुसरंच नाव टाकलं होतं, आणि आता म्हातारपणी त्यांना आईबापानं ठेवलेलं परत हवं होतं. भाऊ त्या आजोबांकडे फार वेळ पाहत राहिले. एक जण आईनं ठेवलेलं नाव परत घ्यायला आला होता आणि हे आईनं ठेवलेलं टाकायला.

संगणकावरच्या माणसानं विचारलं, "नाव बदल्याचं कारण काय टाकू?"

मी पटकन सांगितलं, "जुने नाव अपमानास्पद आहे."

भाऊंनी टेबलावर हात ठेवला. "नाई. तसं नका टाकू."

"मग काय टाकायचं, भाऊ? खरंच तर आहे."

टेबलावरचा हात त्यांनी उलटा केला. "मायनं माह्यं नाव उलट्या हातानं ठेवलं, ताई. मरन आलं तं झटका बसून मांगं फेकल्या गेलं पायजे म्हनून. त्याले अपमान कसा म्हनू? कागदावर तसं छापलं अन् तिले कोनी वाचून दाखोलं तं?"

 आजोबांचं नाव गावानं ठेवलं होतं, यांचं आईनं. कानाला दोन्ही नावं सारखीच लागत होती, आणि मी इतकी वर्षं त्यांना एकाच मापानं मोजत होते. आमच्या आजोबांनी नाव फेकलं ते बरोबरच केलं, यात मला आजही तिळमात्र शंका नाही. पण भाऊंचं नाव फेकण्याजोगं नव्हतं, ते उतरवून नीट घडी करून ठेवण्याजोगं होतं. शेवटी कारणाच्या जागी 'वैयक्तिक' असं पडलं. नवं नाव मुलीनं फोनवरून सांगितलं. साधं, सरळ, कुणी वळूनसुद्धा बघणार नाही असं. बापाचं बारसं लेकीनं केलं.

आता आईला कोण सांगणार? तिथे भाऊंची छाती होईना. तेहतीस हजार व्होल्टच्या लाइनखाली उभा राहणारा माणूस मला म्हणाला, "तुमीच सांगा न, ताई."

मी गेले तेव्हा आजी तुरीची डाळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. पोरीचं, वर्गाचं, हसण्याचं. त्यांचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "त्या कागदाले कोन वाचते व?"

"सरकार वाचतं, आजी."

"अन् थो?" बोट वर.

"ते राजपत्रात छापतात, आजी, आणि राजपत्र कुणीच वाचत नाही," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. ताटातला एक खडा काढून त्यांनी बाजूला ठेवला. "पोरगी सुखानं शिकली पायजे. कागदावर काहीबी ल्हा. पन खांबावर माह्यंच नाव. फोन तूच घेतं न? मंग तू सांग मले. त्याच नावानं चढू देशीन, त्याच नावानं उतरू देशीन."

त्यांनी माझा हात ओढून डाळीच्या ताटावर ठेवला. अन्नाची शपथ आमच्याकडे मोडत नाहीत. मी शपथ घेतली. आमच्या घरच्यांना कळलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं.

तिथून पुढे भाऊ दोन नावांनी जगले. पगार नव्या नावानं, शिव्या जुन्या नावानं. कागदावर मी कायद्याचं नाव लिहायचे आणि फोनवर आजींचं ऐकायचे. नव्यानं आलेले एक साहेब एकदा शेजारी उभे होते. त्यांनी भुवई उंचावून विचारलं, "हे कोण? या नावाचा माणूस आपल्याकडे नाही."

"लिहिते ते कायद्याचं, साहेब. ऐकते ते त्यांच्या आईचं."

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, पण तेही कुणाचे तरी लेक असणार. पुन्हा कधी विचारलं नाही.

नवं नाव भाऊंच्या अंगी शेवटपर्यंत लागलं नाही. बँकेत त्यांच्या नावाचा पुकारा व्हायचा आणि हे बाकावर बसून शेजाऱ्याला म्हणायचे, "कोन हाये भौ हा? जात काहून नाई?" एकदा कुरियरवाला त्यांच्याच दारात त्यांनाच त्यांचा पत्ता विचारत होता आणि यांनी त्याला प्रामाणिकपणे पुढच्या गल्लीत पाठवलं. हे किस्से ते स्वतःच सांगायचे आणि मिशीत हसायचे. आजींना सांगायचे नाहीत.

मुलगी मात्र परत गेली. शिकली. तिच्या प्रमाणपत्रावर बापाचं नवं नाव आलं तेव्हा भाऊ पेढ्यांचा पुडा आणि ते प्रमाणपत्र घेऊन उपकेंद्रात आले. टेबल पुसलं, कागद ठेवला, आपल्या नावावर उलटी बोटं टेकवली. जरा थांबले. मग हात सुलटा करून कागदावरून फिरवला. "काई नाई झालं," म्हणाले. करंट नाही, असंच म्हणायचं होतं त्यांना. मुलगी यवतमाळलाच एका दवाखान्यात लागली, आणि सुट्टीत घरी यायची ती मान वर करून, हसत यायची. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं.

मग एका दुपारी त्यांचा फोन आला. मे महिना, आमच्याकडचा मे. खिडकीला हात लावला तर चटका बसत होता. त्यांनी नाव सांगितलं, खांबावरचं. "जम्पर तुटला हाये, ताई. परमिट द्या."

जम्पर म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, थोड्या वेळाचं काम. मी लाइन बंद केली, परमिट दिलं. "पाणी पिऊन चढा, भाऊ."

"उतरलो का पेतो."

हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. काही मोठं नाही. तेवढंच.

मग मी वाट पाहत बसले. चक्कीवाल्याचा फोन आला, मी म्हटलं, माणूस वर आहे. आणखी दोन गावांतून फोन आले, त्यांनाही तेच सांगितलं. एवढ्या कामाला त्यांना इतका उशीर कधी लागत नसे. मी फोन केला. घंटी वाजत राहिली. पुन्हा केला. मग एका अनोळखी नंबरवरून फोन आला. शेजारच्या वावरात कामाला आलेला परगावचा मजूर होता.

"मॅडम, तुमचे लाइनमन निंबाखाली बसले हायेत. हालून नाई राह्यले."

जम्पर त्यांनी नीट बांधला होता. खाली उतरले होते. कमरेचा पट्टा सोडून घडी करून ठेवला होता, बाटलीचं झाकण उघडलं होतं. मोबाइल हातात होता. मलाच लावत असणार, दुसऱ्या कुणाला लावणार? डॉक्टर म्हणाले, हृदय. उन्हानं आणि वयानं. विजेचा काही संबंध नव्हता.

आमच्या ऑफिसनं गावोगावच्या ग्राहकांच्या ग्रुपवर बातमी टाकली. रीतीप्रमाणे, कायद्याच्या नावानं. 'यांचे दुःखद निधन.' मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा अंगणात ऑफिसची मंडळी आणि शेजारीपाजारी, एवढेच. त्यांच्या लाइनवरच्या गावांतलं एकही माणूस नव्हतं. ज्यांच्यासाठी हा माणूस आयुष्यभर पावसापाण्यात खांबांवर चढला, ते लोक ती बातमी वाचून पुढे गेले होते. त्या नावाचा कुणी त्यांना माहीतच नव्हता.

मला रडू आलं नाही, राग आला. मी अंगणाच्या कडेला उभी राहिले आणि एकेका गावाला फोन लावत गेले. चक्कीवाल्याला, सरपंचाला, दूधवाल्याला. प्रत्येकाला ते उकिरड्याचं नाव खणखणीत आवाजात सांगितलं. ज्या नावाचा मला कायम राग होता ते नाव त्या संध्याकाळी मी जितक्यांदा घेतलं तितक्यांदा आयुष्यात कुठलंच घेतलं नसेल. पलीकडून प्रत्येक वेळी एकच, "काय सांगता?" थोड्या वेळानं ट्रॅक्टर आले, फटफट्या आल्या, बाया पायी आल्या. अंगण पुरेना. चक्कीवाला पिठाच्याच कपड्यांत आला होता.

मुलगी यवतमाळहून आली होती. बापाच्या पायाशी भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला तिचं भय कळत होतं. तिच्या मनात काय चाललंय ते अंगणातल्या प्रत्येकाच्या मनात होतं. जगवणारं नाव टाकलं, माणूस गेला. दोन बाया एकमेकींकडे पाहत होत्या.

आजी उशाशी होत्या. त्यांनी मला हाक मारली. 

"कोन्त्या नावानं चढला थो?"

"तुमच्या, आजी. शपथ घेतली होती न मी."

"अन् उतरला?"

"उतरले. नीट उतरले. पट्टासुद्धा सोडला होता. खाली बसल्यावर झालं."

आजींनी मान हलवली.  मग म्हणाल्या, "मंग खांबानं नाई नेलं. माह्यं नाव नाई हारलं."

ते ऐकून मुलीनं तोंडात पदर कोंबला. मला वाटलं, आता आजी पुढचं बोलणार, आणि जे बोलतील ते ही पोर जन्मभर वाहत राहील. मी मध्ये पडायला पुढे सरकले.

आजींनी हात लांब केला. "इकडं ये व, बाई."

पोर गुडघ्यांवर सरकत गेली. आजींनी तिच्या गालाला उलटा हात लावला.

"तुह्यं नाव घेऊन गेला थो," आजी म्हणाल्या. "बरं झालं व, पोरी. लय बरं केलं तू. उकिरड्याचं नाव सांगून तिकडं कोन उभं करते? माह्यं नाव राह्यासाठी होतं, जायासाठी नोतं. जायाले चांगलं नाव लागते. थे मले नाई सुचलं, तुले सुचलं."

मग पोर रडली. आजींच्या मांडीत डोकं घालून ओरडून रडली, आणि तिच्याबरोबर सगळं अंगण रडलं. आजींनी हात सुलटा केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

आजींना हे आधीपासून ठाऊक होतं की नातीसाठी त्याच घटकेला त्यांनी ते घडवलं, मला माहीत नाही. ज्या बाईनं एकदा सूपभर ज्वारी देऊन मरणाला फसवलं, तिला नातीला वाचवायला दोन वाक्यं जड नव्हती. पण मला वाटतं, त्या खरंच बोलत होत्या. मी आजोबांची नात, मला अशा गोष्टी पटत नाहीत. ही पटली.

त्या दुपारची लाइन, मी त्यांच्या घरी निघण्याआधीच, साहेबांनी स्वतः जाऊन तपासली होती. खांब पाहिला, तारा मोकळ्या असल्याची खात्री केली आणि आपल्या सहीनं परमिट रद्द केलं. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. त्यांनी फोनवर सांगितलं आणि मी लाइन सोडली. गावांत पंखे फिरले.

आता त्या लाइनवर एक नवा लाइनमन आहे, चांगला आहे. फोन करतो, नाव सांगतो, चढतो, उतरतो, परमिट परत करतो. मी लिहून घेते. पण दुपारी उन्हाच्या वेळी फोन वाजला की माझा हात आधी उलटा जातो. रद्द झालेलं परमिट वेगळं आणि परत आलेलं वेगळं. ते माझ्याकडे परत आलेलं नाही. माझ्या लेखी त्या नावाचा माणूस अजून वर आहे, आणि त्यानं स्वतः फोन करून सांगितल्याशिवाय माझ्या मनातली ती लाइन मी सोडणार नाही.